पातळ टॅब घ्यावा की नाही? वापरणाऱ्यांचे अनुभव हवेत

पानोपानी

नमस्कार मंडळी,

मी मुद्रितशोधन करते. दिवसाचे पाच-सहा तास पानं तपासण्यात जातात आणि त्यानंतर स्वतःसाठी जे वाचते तेही बहुतेक जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफच असतात. त्या लॅपटॉपवर वाचायला नको वाटतात. दिवसभर ज्या खुर्चीत काम केलं तिथेच पुन्हा बसायचं, म्हणजे वाचनाची मजाच जाते. म्हणून टॅब. सध्याचा सात वर्षांचा आहे, जाडजूड आहे, आणि आता चार्जिंग दुपारपर्यंतही पुरत नाही.

नवीन घ्यायचा म्हणून बघायला लागले तर जो तो किती पातळ झाला हेच सांगतोय. मैत्रिणीचा नवा तेरा इंची टॅब हातात घेतला. पहिला मिनिटभर वाटलं, हातात काही नाहीच. मग तिच्याकडेच बसून एक प्रकरण वाचलं. अर्ध्या तासात डाव्या अंगठ्याच्या मुळाशी तीच ओळखीची कळ, जी माझ्या जुन्या, जाड टॅबने येते! हे कसं काय? इतका हलका टॅब आणि तरी हाताला रग का लागावी?

दोन प्रश्न आहेत. पातळपणाचा रोजच्या वापरात खरा उपयोग किती? आणि त्याच्या बदल्यात काय सोडावं लागतं? ज्यांनी वर्ष-दोन वर्षं असा टॅब वापरलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

तराजू

तुमच्या अंगठ्याचं म्हणणं बरोबर आहे. आकडेमोड करून दाखवतो.

टॅब उभा धरून एका हाताने कडेला पकडला की वजन नुसतं हातावर बसत नाही, ते अंगठ्याभोवती खाली फिरायला बघतं. ते फिरू न देण्याचं काम अंगठ्याला आणि मनगटाला करावं लागतं. तो ताण किती, हे काढायला वजनाला कडेपासून मध्यापर्यंतच्या अंतराने गुणायचं. म्हणजे रुंदीच्या निम्म्याने.

२०१० सालचा पहिला आयपॅड घ्या. १३.४ मिमी जाड, ६८० ग्रॅम, रुंदी सुमारे १९ सेंमी. गुणाकार येतो साधारण ६४५०.

आता मे २०२४ मध्ये आलेला तेरा इंची आयपॅड प्रो. जाडी फक्त ५.१ मिमी, वजन ५७९ ग्रॅम, रुंदी साडेएकवीस सेंमी. गुणाकार साधारण ६२५०.

जाडी निम्म्याहून खाली आली, वजन शंभर ग्रॅमने उतरलं, पण अंगठ्यावरचा ताण जवळजवळ जिथल्या तिथे! जे वजन वाचवलं ते पडदा मोठा करण्यात गेलं. त्याच पिढीचा अकरा इंची ४४४ ग्रॅमचा आहे, त्याचा गुणाकार ३९५० च्या आसपास. आणि २०२१ चा आयपॅड मिनी, २९३ ग्रॅम, तो तर १९७५ वरच थांबतो. म्हणजे तेरा आणि अकरा इंचांत वजनाचा फरक तिसरा हिस्साही नाही, पण हाताला जाणवणारा फरक दीडपटीहून जास्त आहे.

मी आयपॅडचे आकडे घेतले कारण ते पाठ आहेत. कुठल्याही कंपनीच्या टॅबला हेच लागू आहे. जाडीचा आकडा या गुणाकारात कुठेच येत नाही, हे लक्षात घ्या.

---

पानोपानी

तराजू, मनापासून आभार. मला वाटत होतं माझ्याच हातात काही बिघाड आहे. मैत्रिणीचा टॅब तुम्ही सांगितलेला तेरा इंची आयपॅड प्रोच असावा, वर्णन जुळतंय.

---

रेघोटी

तराजूंचा हिशोब पटला, पण पातळपणाला अगदीच निकामी ठरवू नका. मी चित्रं काढते, टॅब टेबलावर सपाट ठेवून. कागदावर काढताना हाताला उंचीचा फरक जाणवतच नाही. टॅबवर मात्र पडद्याच्या खालच्या भागात काही काढायचं झालं की तळहात टॅबच्या कडेवरून घसरून टेबलावर येतो. जुना टॅब आणि कव्हर मिळून बारा-तेरा मिमीची पायरी व्हायची. तासाभराने मनगटावर कडेचा वळ उमटायचा. मी टॅबच्या खालच्या बाजूला तेवढ्याच जाडीची वही ठेवून काम करायचे. आता सहा मिमीच्या आतला टॅब आहे, उघडाच वापरते, आणि वही लागत नाही. मला हा फरक पहिल्याच दिवशी कळला.

दुसरी गोष्ट, बऱ्याच टॅबमध्ये काच आणि पडदा आता एकमेकांना चिकटवलेले असतात, मधली हवेची फट गेली. स्टायलसचं, म्हणजे पडद्यावर लिहायच्या पेनाचं, टोक आणि उमटणारी रेघ यांत पूर्वी अंतर दिसायचं, ते आता जवळपास नाही. फट गेल्यामुळे टॅब पातळ झाला आणि चित्रकाराचं कामही सुधारलं. तुम्ही पीडीएफवर खुणा करणार असाल तर याचा फायदा तुम्हालाही होईल. मुद्रितशोधनाच्या खुणा बारीक असतात, काना कुठे पडला हे नेमकं दिसायला हवं.

एक तक्रार मात्र आहे. टॅब पातळ झाला तरी कॅमेरा पातळ होत नाही. तो मागे उंचवट्यासारखा राहतो आणि टेबलावर टॅब डुगडुगतो. एका कोपऱ्यात लिहिलं की समोरचा कोपरा उचलतो. मागे पातळ कव्हर लावलं की थांबतं, पण मग तीच जाडी परत आली.

---

पेचकस

मी दुरुस्ती करतो, त्यामुळे माझ्याकडे येतात ते बिघडलेलेच टॅब. माझं मत त्या बाजूला झुकलेलं असणार, हे आधीच सांगतो.

पहिला मुद्दा वाकण्याचा. एकाच पदार्थाची पट्टी घेतली आणि तिची जाडी निम्मी केली, तर तिचा ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा होतो. कंपन्या आत आधारासाठी धातूच्या पट्ट्या देतात, सांगाडा मजबूत करतात, म्हणून प्रत्यक्षात परिस्थिती इतकी वाईट नसते. पण पाठीवरच्या पिशवीत वह्या-पुस्तकांच्या मध्ये कोंबलेला मोठा पातळ टॅब हळूहळू पोक काढतो, हे मी वारंवार पाहिलंय. २०१८ चे ५.९ मिमीचे आयपॅड प्रो आले तेव्हा किंचित वाकलेल्या टॅबवरून बराच गदारोळ झाला होता, आणि ४०० मायक्रॉनपर्यंतचा फरक आपल्या मर्यादेत बसतो असं अ‍ॅपलने जाहीर केलं होतं. ४०० मायक्रॉन म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पण टॅबच तेवढा पातळ असला की डोळ्याला तेही दिसतं.

दुसरा मुद्दा बॅटरीचा, आणि माझ्या मते हाच मोठा. लिथियमच्या बॅटरीत वयानुसार, आणि उष्णतेने जास्तच लवकर, आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू साठतो आणि ती फुगते. जुन्या जाड टॅबमध्ये थोडी जागा असायची. पातळ टॅबमध्ये बॅटरीच्या थेट वर पडद्याची पाठ असते. फुगली की ती पडद्यालाच उचलते. कडेला फट दिसायला लागली, पडद्यावर मध्येच पांढुरका डाग दिसला, तर चार्जिंग ताबडतोब थांबवा आणि दाबून बसवायचा प्रयत्न चुकूनही करू नका.

तिसरा मुद्दा दुरुस्तीचा. रेघोटींनी ज्या चिकटवलेल्या काचेचं कौतुक केलं तीच माझी डोकेदुखी आहे. पूर्वी काच फुटली तर नुसती काच बदलता यायची. आता अशा टॅबमध्ये काचेबरोबर पूर्ण पडदा जातो. बॅटरीही गोंदाने बसवलेली असते. आधी टॅब गरम करून पडदा सोडवायचा आणि मग बॅटरी, अशा क्रमाने जावं लागतं. त्यात चांगला पडदाही तडकण्याचा धोका असतोच, आणि गिऱ्हाइकाला ते आधी सांगावं लागतं.

युरोपीय संघाने नियम केलाय की फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. त्याला काही अपवाद आहेत, पण निदान रोख तरी योग्य दिशेने आहे.

---

किनारा

एक बारीकसा अनुभव. माझ्या आईला संधिवात आहे. मुद्दाम हलका आणि पातळ टॅब घेऊन दिला, वजनाने ती खूश झाली. पण तो टेबलावर सपाट ठेवला की तिला उचलताच येईना. पाच-सहा मिमीच्या कडेखाली नखं घालायची आणि वर काढायचा, हे तिच्या बोटांना जमत नव्हतं. कडेपर्यंत सरकवत न्यायची, मग पडण्याची भीती. शेवटी मागे पट्टा असलेलं कव्हर लावलं, ज्यात पंजा अडकवता येतो. आता ती तो तासन् तास धरते. पट्ट्यामुळे टॅबच्या मध्याला हात जातो, तराजूंच्या गुणाकारातलं अंतरच संपतं.

आणखी एक. पडद्याभोवतीची काळी चौकट आता इतकी अरुंद झालीय की अंगठा ठेवायला जागाच नाही. आई वाचताना अंगठा पडद्यावर पडायचा आणि पान उलटायचं. बरेच टॅब कडेचा अंगठा ओळखून दुर्लक्ष करतात, पण थरथरणारा अंगठा त्यांना नीट कळत नाही.

---

तराजू

किनारा, पट्ट्याचा मुद्दा अगदी योग्य. मध्याखाली हात गेला की फक्त वजन उरतं, फिरवणारा ताण राहत नाही.

---

दुपारची सावली

फक्त वाचायचंच असेल तर ई-शाईचा, म्हणजे छापील कागदासारखा दिसणाऱ्या पडद्याचा, विचार का नाही करत? रीमार्केबल २ हा २०२० चा टॅब ४.७ मिमी आणि ४०३ ग्रॅमचा आहे, पडदा १०.३ इंची. पाठीमागून प्रकाश नाही, माझ्या डोळ्यांना ते बरं वाटतं, आणि उन्हात तर जितका उजेड तितकं स्वच्छ दिसतं. पातळपणाची किंमतही तिथे कमी मोजावी लागते, कारण स्थिर पान दाखवायला वीज लागतच नाही, फक्त पान बदलताना लागते. छोट्या बॅटरीत दिवसच्या दिवस निघतात.

---

पानोपानी

सावली, मी सहकाऱ्याचं ई-शाईचं यंत्र चार दिवस वापरलं होतं. साधं पुस्तक वाचायला फार सुखाचं वाटलं. पण माझी जुनी पुस्तकं म्हणजे पिवळ्या पडलेल्या कागदाचे स्कॅन, कधी तिरके, कधी शाई फुटलेली. सतत मोठं करून बघावं लागतं, हे अनुस्वार आहे की कागदावरचा डाग. प्रत्येक वेळी पडदा उजळून पुन्हा उमटेपर्यंत थांबायचं, मागच्या पानाची पुसट सावली राहते, आणि करड्या रंगात डाग आणि अनुस्वार सारखेच दिसतात. रंगीत पडद्यावर शाई काळी आणि डाग तपकिरी, लगेच कळतं. माझ्या कामाला ते नाही जमणार.

पेचकस, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या जुन्या टॅबची कड तपासली. फट नाही. पण बॅटरीबद्दल आणखी विचारायचंय. इतका पातळ टॅब दिवसभर पुरतो तरी कसा?

---

पेचकस

पुरतो, कारण प्रोसेसर आणि पडदे कमी विजेवर चालायला लागले. याचा इतिहास फार बोलका आहे.

२०११ चा आयपॅड २ होता ८.८ मिमी, ६०१ ग्रॅम, बॅटरी २५ वॉट-तासांची (वॉट-तास म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप). पुढच्याच वर्षी तिसरा आला, पडद्यावरचे ठिपके चौपट. त्यांना उजळवायला बॅटरी थेट ४२.५ वॉट-तासांची करावी लागली आणि टॅब चक्क जाड आणि जड झाला, ९.४ मिमी आणि ६५२ ग्रॅम. मग २०१३ च्या आयपॅड एअरमध्ये बॅटरी ३२.४ वर आणली, वजन ४६९ ग्रॅम. आणि या सगळ्यांत कंपनीचा दावा एकच, दहा तास. २०१० लाही दहा तास, आजही दहा तास.

म्हणजे विजेची जी बचत झाली, तिचे तास आपल्याला मिळालेच नाहीत. ती सगळी पातळपणात गेली. कुणीतरी टॅब आहे तेवढाच जाड ठेवून अठरा तास चालेल असा काढावा, असं मला फार वाटतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एकानेही आजवर "टॅब जाड आहे हो" अशी तक्रार केलेली नाही. "चार्जिंग टिकत नाही" ही रोजची आहे.

छोटी बॅटरी घेण्यात आणखी एक तोटा. रोज पूर्ण रिकामी होऊन पूर्ण भरावी लागली की ती लवकर थकते. मोठ्या बॅटरीवर तेच काम अर्ध्या चार्जिंगमध्ये होतं. शक्यतो वीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवा, आणि ऐंशीला थांबवायची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती सुरू करा.

---

किनारा

+१. अठरा तासांचा टॅब आला तर मी रांगेत पहिला.

---

सप्तकी

मी वाद्यवृंदात वाजवतो, स्वरलिपी टॅबवर ठेवतो. माझा अनुभव तुमच्या उलट टोकाचा आहे. टॅब स्टँडवर असतो, हातात कधीच नसतो, म्हणून वजनाशी माझं काही देणंघेणं नाही. तरी स्टँडच्या बाबतीत हलका बराच, कारण जड टॅबने स्टँड पुढे झुकतो. पानं पायाने पेडल दाबून उलटतो.

मला महत्त्वाचं ते पानाचं माप. ए-फोर पान तेरा इंची, चारास तीन प्रमाणाच्या पडद्यावर मूळच्या ८९ टक्के आकारात बसतं. अकरा इंचीवर ७६ टक्के. आठ इंचीवर जेमतेम ५५. वाजवताना हातभर अंतरावरून वाचायचं तर ७६ टक्क्यांवर माझे डोळे हार मानतात.

तुमची जुनी पुस्तकं कुठल्या आकाराची आहेत? डेमी, म्हणजे ए-फोरहून लहान असा पुस्तकाचा नेहमीचा आकार, असेल तर गणित बदलेल.

---

पानोपानी

बहुतेक डेमीच! काही क्राऊन आहेत. ए-फोर फक्त कामाची पानं, आणि ती मी लॅपटॉपवरच बघते.

---

सप्तकी

मग डेमी पान साधारण १४ बाय साडेएकवीस सेंमी. अकरा इंची पडदा सुमारे १६ बाय २३ सेंमी असतो. म्हणजे तुमचं पान त्यावर मूळ आकारात, पूर्ण बसतं, थोडी जागा उरतेच. लांबट, सोळास दहा प्रमाणाचा अकरा इंची असला तरी १४.८ सेंमी रुंदी मिळते, तरीही बसतं. आठ इंचीवर ऐंशी टक्क्यांच्या आसपास होईल. तेरा इंचीची तुम्हाला गरजच नाही.

---

रेघोटी

एक उपाय सुचवते, खरेदीआधी करून बघा. जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा, एक तेरा इंची टॅबच्या बाहेरच्या मापाचा, एक अकरा इंचीच्या. मागे नाणी चिकटवून वजन नेमकं भरा, सगळीकडे सारखी पसरून. कव्हर लावणार असाल तर त्याचंही वजन धरा. मग प्रत्येक पुठ्ठा तुमच्या नेहमीच्या बैठकीत अर्धा तास धरून बसा. मी स्टायलस आणि कव्हरसकट असं करून पाहिलं होतं आणि घ्यायचा म्हणून ठरवलेला टॅब रद्द केला.

---

दुपारची सावली

रेघोटी, फार छान कल्पना. वाचनखूण साठवली.

कव्हरचा मुद्दा पुढे नेते. माझा टॅब साडेचारशे ग्रॅमचा आहे आणि टचपॅडवाला कीबोर्ड त्याहून जड. आधी राग आला, मग कारण समजलं. लॅपटॉपमध्ये सगळा ऐवज खालच्या भागात असतो, टॅबमध्ये तो पडद्यामागे. वरचा भाग जड असल्यावर खालचा आणखी जड केल्याशिवाय मागे पडणारच. म्हणून टॅब कितीही हलका झाला तरी त्याला कीबोर्ड जोडून मांडीवर लिहायचं म्हटलं की एकूण वजन लॅपटॉपएवढं होतं. ज्यांना मुख्यतः टंकलेखन करायचंय त्यांनी पातळ टॅबच्या वजनाचा आकडा बघून निर्णय घेऊ नये.

---

किनारा

गरम होण्याबद्दल कुणी बोललं नाही. बहुतेक टॅबमध्ये पंखा नसतो, उष्णता पाठीवरूनच बाहेर पडते. आई चार्जिंगला लावून व्हिडिओ कॉल करते तेव्हा पाठ चांगलीच तापते, आणि थोड्या वेळाने पडदा आपोआप मंद होतो. तिला वाटतं डोळेच गेले.

---

पेचकस

किनारा, तो बिघाड नाही. टॅब स्वतःला वाचवतोय. पातळ टॅबमध्ये उष्णता सामावून घ्यायला वस्तुमानच कमी असतं, त्यामुळे तो लवकर तापतो. आयपॅडसाठी वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सियसपर्यंत दिलेली आहे, ती सभोवतालच्या हवेची. कॉल आणि चार्जिंग एकाच वेळी टाळा, जाड कव्हर त्या वेळी काढून ठेवा. बॅटरीचं आयुष्यही वाढेल.

पानोपानींना याची चिंता नको, पीडीएफ वाचताना काहीच तापत नाही.

---

पानोपानी

मंडळी, पुठ्ठ्याचा प्रयोग केला! चार संध्याकाळी केला.

तेरा इंचीचा पुठ्ठा, ५८० ग्रॅम: बाराव्या मिनिटाला हात बदलला, विसाव्या मिनिटाला खाली ठेवला. अकरा इंचीचा, ४४५ ग्रॅम: पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटं आरामात. दुसऱ्या दिवशी त्यालाच शंभर ग्रॅमची जास्तीची नाणी लावली, जाड टॅब किंवा कव्हर धरून. तरी अर्धा तास निघाला. चौथ्या दिवशी मांडीवर उशी घेऊन तेरा इंचीचा पुठ्ठा तिला टेकवला, आणि काहीच दुखलं नाही. पण मग मान खाली जाते, ती माझी जुनी दुखणी परत.

तेव्हा अकरा इंची घेणार. आणि नव्यातला सर्वांत पातळ नाही, मागच्या पिढीतला थोडा जाड घेतेय. पडदा चिकटवलेलाच बघणार, खुणांसाठी. मागे पंजा अडकवायचा पट्टा लावणार. किनारा, तुमच्या आईंना माझे आभार सांगा.

पेचकस, शेवटचं एक विचारते. जुना टॅब बॅटरी थकलीय म्हणून टाकवत नाही. तो टेबलावर कायम चार्जरला लावून शब्दकोश उघडा ठेवायला वापरला तर चालेल?

---

पेचकस

कायम शंभर टक्क्यांवर लावून ठेवू नका, सात वर्षांच्या बॅटरीला तर मुळीच नाही, त्यानेच ती फुगते. भिंतीवरच्या प्लगला टायमर लावा, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. आणि महिन्यातून एकदा तो सपाट टेबलावर पालथा ठेवून कडेने डोळा लावून बघा, काच मध्ये उचलली गेली नाही ना.